थोरलीचा डोळा

आमच्या कामात काहीच घडलं नाही, तर ते नीट झालं असं समजायचं. त्यामुळे 'दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा' असा फोन आला तेव्हा माझी पंचाईतच झाली. लिहू काय? अमक्या दिवशी अमक्या माणसाचा हात तुटला नाही, हे? न तुटलेल्या हाताची आठवण कोण ठेवतं? ज्याचा हात, त्यालाही पत्ता नसतो. तरी एक दिवस मला पक्का आठवतो. त्या दिवशी काही घडणार होतं की नव्हतं हेच कळत नव्हतं, आणि तरीही ठरवायचं मलाच होतं.

मी मूळची हिंगोलीची. पुण्यात इंजिनिअर झाले आणि हिंजवडीत एका मोठ्या कंपनीत चिकटले. राहायला शेजारच्या माण गावात खोली होती. घरमालकीण यमुनाकाकी. त्यांची भाताची खाचरं आयटी पार्कात गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी मजले चढवले आणि त्यात आमच्यासारखी बाहेरगावची पोरंपोरी भरली. काकींना कुणाच्या पदवीचं कौतुक नव्हतं. एकदा पाणी भरताना त्यांनी मला गाठलं.

“काय करतीस गं त्या काचंच्या बिल्डिंगीत दिसभर?”

मी समजावून सांगितलं. खरेदीचं ॲप असतं. माणूस काही न घेता निघाला की त्याच्यासमोर एक चौकट येते, 'थांबा, तुमच्यासाठी खास सवलत!' ती चौकट कधी यावी, कुठल्या रंगाची असावी, ती बंद करायची फुली किती बारीक असावी, हे माझं काम.

“म्हंजी गिऱ्हाईक दुकानातनं जाया लागलं की तू त्याचा सदरा धरतीस व्हय?”

“तसंच काहीसं.”

“आन् त्याला येवढं शिकावं लागतंय?”

काकी हसत हसत बादली उचलून गेल्या. मला असा राग आला! दिवसभर धुसफुसत होते. संध्याकाळी कळलं की राग काकींचा नव्हता. मला माझ्या कामाची लाज वाटत होती, ती बरीच आधीपासून वाटत होती, आणि काकींनी फक्त ती बोलून दाखवली होती.

मग मी 'समाजोपयोगी' काम शोधायला निघाले. हा शब्द उच्चारला की पुण्यात किती दारं उघडतात, काय सांगू! पहिलीच कंपनी शेतकऱ्यांसाठी ॲप करणारी. भिंतीवर हिरवंगार पोस्टर, सोफ्यावर गोणपाटाच्या उश्या. मी विचारलं, शेतकरी हे वापरतात का? तर म्हणाले, “ते पुढच्या टप्प्यात.” दुसऱ्या एका संस्थेला असा इंजिनिअर हवा होता, जो फोटोही काढेल, देणगीदारांना अहवालही लिहील आणि गरज पडली तर गाडीही चालवेल. “आमच्याकडे अगदी घरच्यासारखं वातावरण आहे,” असं तिथल्या बाई म्हणाल्या. घरचं वातावरण मला चांगलं माहीत होतं, म्हणून मी चहा संपवून उठले.

आता केस पांढरे झालेत. हिंजवडीतली मुलं रविवारी माझ्याकडे येतात आणि विचारतात, “ताई, खरंच उपयोगाचं काम कुठं मिळेल?” मी त्यांना सांगते, मुलाखतीत एकच प्रश्न विचारा. तुमचं सॉफ्टवेअर उद्या दिवसभर बंद पडलं, तर कोण रडेल? उत्तर द्यायला समोरचा चाचरला, तर नमस्कार करून बाहेर पडा. हा प्रश्न मला आधी सुचला असता तर माझी अर्धी वणवण वाचली असती.

मला काम मिळालं ते पुण्याबाहेर, भुकूम गावात, हार्डवेअरच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत. अनघाताई ती छोटी कंपनी चालवायच्या. पूर्वी त्या स्वतः मशीनं डिझाइन करायच्या. त्यांनी माझी मुलाखत घेतलीच नाही. स्कूटरवर मागं बसवलं आणि पिरंगुटच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये नेऊन एका मशीनसमोर उभं केलं. म्हणाल्या, “बघत राहा. कंटाळा आला की सांग.”

ते मशीन म्हणजे पॉवर प्रेस. पत्र्याला ठोकून आकार देणारं. खाली साचा असतो, त्याला तिथं सगळे डाय म्हणतात. ऑपरेटर डायवर पत्रा ठेवतो, हात काढतो, पायानं पायडल दाबतो, वरून ठोका पडतो. तयार तुकडा काढायचा, पुन्हा पत्रा ठेवायचा. हात आत, हात बाहेर, पाय खाली. दिवसभर हेच. कधीतरी हाताचा आणि पायाचा मेळ चुकतो. पिरंगुटच्या बाजारात भाजी घेताना विकणाऱ्याच्या हाताकडे जरा बघा. एखाद्याची दोन बोटं नसतात, आणि तो आधी कुठं कामाला होता हे विचारावं लागत नाही.

मला कंटाळा आला नाही. मला बघवेना. दर ठोक्याला माझीच बोटं आखडत होती. अनघाताई म्हणाल्या, “हे थांबवायचंय. येतेस?” मी पगारसुद्धा विचारला नाही, आणि ते ऐकून आईनं हिंगोलीहून फोनवर माझी जी पूजा बांधली ती वेगळीच.

आम्ही बनवत होतो ती वस्तू सांगायला सोपी आहे. प्रेसच्या दोन्ही बाजूंना दोन खांब, आणि त्या दोघांमध्ये उजेडाचा पडदा. डोळ्यांना न दिसणारा. प्रेस खाली येत असताना हात त्या उजेडात आला, की मशीन जागच्या जागी थांबतं. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं, डोळा. डोळ्याला जोडलेला एक बॉक्स, त्या बॉक्समधलं सॉफ्टवेअर आमचं. मशीन थांबलं की त्याची खबर आमच्या भुकूमच्या स्क्रीनवर यायची.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार! एका कारखानदारानं डोळा बसवून घेतला तो ऑफिसबाहेर पडून असलेल्या नादुरुस्त मशीनवर, पाहुण्यांना दाखवायला. एका ऑपरेटरनं दोन खांबांच्या मध्ये दोरी बांधून ओला शर्ट वाळत घातला आणि मशीन चालत नाही म्हणून आम्हालाच शिव्या घातल्या. पण आमचं मोठं गिऱ्हाईक एकच. पिरंगुटमधलाच एक कारखाना, मोटारींच्या दाराच्या बिजागऱ्या बनवणारा. मालक मुळशीतलेच, शेतकरी घरातले. सगळे त्यांना शेठ म्हणत. त्यांच्या सगळ्या प्रेसवर आमचे डोळे होते. हे एक गिऱ्हाईक गेलं असतं तर आमच्या तिन्ही खोल्यांना कुलूप लागलं असतं.

त्या कारखान्यात एक प्रेस होती, तिला थोरली म्हणत. शेठच्या वडलांनी घेतलेली पहिली प्रेस. थोरलीवर दत्ताभाऊ बसायचे. पन्नाशीचा माणूस, हात पाय लाकडासारखे, तोंड सुटलेलं. पत्रा जरा तिरका बसला की ठोका पडता पडता हात घालून सरळ करायची त्यांना वाईट खोड. आमचा डोळा दिवसातून कितीदा तरी त्यांना अडवायचा, आणि मी शॉपमध्ये, म्हणजे प्रेस चालतात त्या शेडमध्ये, दिसले की ते मला सुनवायचे.

“म्याडम, ही तुमची बाई लई संशयखोर हाय. नवऱ्यावर नजर ठिवावी तशी माझ्यावर ठिवती.”

“तुम्ही हात घालू नका, ती बघणार नाही.”

“हात न्हाई घालायचा तर मग करू काय, फुंकर मारू?”

आता मुद्द्यावर येते. खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा असते. थोरलीला मान पहिला. हळदकुंकू, झेंडूची भरगच्च माळ, नारळ, आणि मग शेठच्या आईंच्या हातून मुहूर्ताचा एक ठोका. डोळे बसवले त्या वर्षी माळ बरोबर दोन खांबांच्या मध्ये लोंबत राहिली. डोळ्याला काय, हात आणि झेंडू सारखाच. आजींनी पायडल दाबलं आणि थोरली हललीच नाही! आजींचा चेहरा पडला. शेठनी सगळ्यांसमोर आम्हाला झापलं, “पुढल्या वर्षी थोरली अडली, तर तुमचे सगळे डोळे काढून भंगारात घालीन.”

म्हणून आम्ही 'मुहूर्त मोड' लिहिला. किल्ली फिरवली की डोळा अर्धा तास मिटेल. तेवढ्यात माळ घाला, ठोका मारा, काय हवं ते करा. अर्ध्या तासानं डोळा आपोआप उघडेल. मिटलेला असताना खांबावरचा छोटा दिवा पिवळा लुकलुकेल, म्हणजे कुणी चुकून कामाला बसणार नाही. आमचा तरुण सहकारी निनाद आणि मी, आम्ही तो मोड पुन्हा पुन्हा तपासला. आम्हाला आमचं मोठं कौतुक वाटलं. देवाधर्माची सोय करणारं सॉफ्टवेअर, असं म्हणून आम्ही पेढेसुद्धा खाल्ले.

पुढच्या वर्षीची खंडेनवमी झाली. दसऱ्याची सुट्टी झाली. तिसऱ्या दिवशी कारखाना सुरू झाला. सकाळी मी भुकूमच्या ऑफिसात चहा घेऊन स्क्रीनसमोर बसले. सगळ्या प्रेसच्या खबरा येत होत्या. इथं कुणाची बाही आली, तिथं कुणाचा हात, नेहमीचंच. थोरलीच्या रकान्यात मात्र काहीच नव्हतं. थोरली चालू होती, धडाधड ठोके पडत होते, आणि ती सकाळपासून एकदाही थांबली नव्हती.

निनाद म्हणाला, “छानच की. दत्ताभाऊ सुधारले.”

मीही हसले. आणि हसता हसता थांबले.

“निनाद, पूजा झाल्यावर कारखान्यात काय करतात?”

“प्रसाद वाटतात.”

“मशीनचं काय करतात?”

त्याच्याही चेहऱ्यावरचं हसू गेलं. खंडेनवमीला पूजा झाली की मशीनला विश्रांती. ठोका पडला की लगेच मेन स्विच खाली. अर्धा तास कोण थांबतंय? म्हणजे डोळा मिटलेला असतानाच बॉक्सची वीज गेली. आणि पिरंगुटला वीज सारखी जाते, दर वेळी सगळं नव्यानं लावावं लागतं, अशी तक्रार होती म्हणून आम्हीच बॉक्सला शिकवलं होतं की वीज आल्यावर आधी जसा होतास तसाच सुरू हो. त्या कोडमध्ये मोड लक्षात ठेवायची सोय होती. अर्ध्या तासाची मुदत लक्षात ठेवायची सोय होती का?

निनादनं कोड उघडला. मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. मुदत नव्हती. वीज गेली की मुदत पुसली जात होती आणि मोड तेवढा राहत होता. त्या दिवशी असं खरंच झालं होतं का, की वीज गेली तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता, हे मात्र इथून कळायला मार्ग नव्हता. डोळा मिटलाय की उघडा आहे, ही खबर आमच्या स्क्रीनवर येतच नव्हती. येत होती ती फक्त थांबण्याची खबर. आणि थोरली थांबत नव्हती.

मी सुपरवायझर पवारांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. शॉपमध्ये मोबाइल चालत नाहीत, लॉकरमध्ये ठेवावे लागतात, तोही नियम सुरक्षेसाठीच. शेठचा फोन बंद. ऑफिसातल्या मुलीनं सांगितलं, मोटार कंपनीचे साहेब लोक आलेत, शेठ मीटिंगमध्ये आहेत, कुणालाही आत सोडू नका म्हणालेत. शेवटी गेटवरच्या वॉचमनला गाठलं.

“अहो, पळत आत जा आणि थोरली बंद करायला सांगा!”

“आसं कसं बंद करायला सांगू म्याडम? शेठनी सांगितल्याबिगर मला गेट सोडता येत न्हाई. आज बाहेरचं सायेब आल्यात.”

“कुणाचा तरी हात जाईल हो!”

“कुनाचा?” त्यानं विचारलं. अजून कुणाचाच गेला नव्हता. त्यानं फोन ठेवला.

निनादनं बाइक काढली, मी मागं बसले. बसता बसता अनघाताईंना फोन लावला. त्या मुंबईला होत्या. एक गोष्ट आमच्या हातात होती. सॉफ्टवेअर बदलायच्या वेळी प्रेस चुकून सुरू होऊ नये म्हणून आम्ही ती माझ्या मोबाइलवरून कुलूपबंद करू शकत होतो. चालू ठोका पूर्ण होऊन प्रेस वर जाते आणि तिथंच थांबते. पण शेठना आम्ही लिहून दिलं होतं की चालू कामात बाहेरून कधीही मशीन थांबवणार नाही. त्या एका अटीवरच त्यांनी डोळे बसवू दिले होते.

“बंद करू?” मी विचारलं.

अनघाताई म्हणाल्या, “तुला खात्री आहे?”

“नाही.”

“मग आधी जाऊन बघ. अगं, मोटार कंपनीचे लोक समोर उभे असताना तू बाहेरून थोरली बंद केलीस, तर शेठ आज संध्याकाळपर्यंत सगळे डोळे उतरवतील. सगळे! मग रोज तिथं इतकी माणसं डोळ्याशिवाय बसतील. त्यांचे हात कुणी मोजायचे?”

त्या चुकीचं बोलत नव्हत्या. हेच तर मला आजही छळतं. त्या घाबरून बोलत नव्हत्या, हिशोबानं बोलत होत्या, आणि हिशोब बरोबर होता.

पिरंगुटच्या घाटात ट्रकची रांग लागली होती. वर एक कंटेनर आडवा झाला होता. निनाद बाइक कडेकडेनं काढत होता, तरी एका वळणावर आम्ही पुरते अडकलो. पुढं ट्रक, मागं ट्रक, एका बाजूला कठडा. मी मोबाइलवर थोरलीचा रकाना उघडला. ठोके मोजणारा आकडा सरकत होता. एक ठोका, आणखी एक, आणखी एक. प्रत्येक ठोक्याला एक हात आत जात होता आणि बाहेर येत होता. थांबण्याच्या जागी शून्य.

मला राग आला. ट्रकवाल्यांचा, वॉचमनचा, त्या मीटिंगचा, दत्ताभाऊंच्या खोडीचा, आमच्या पेढ्यांचा. अनघाताई म्हणतात ते खरं असेल. पण उद्या ज्यांचे हात जातील ती माणसं मला माहीत नव्हती. आज तिथं कोण बसलंय ते मला माहीत होतं. तो पत्रा सरळ करायला हात घालतो, हेही माहीत होतं. आणि डोळा बघतोय असं समजून घालतो.

“ताई, काय करताय?” निनादनं मान वळवून विचारलं.

“पुढं बघ तू.”

मी कुलूप दाबलं. मोबाइलनं विचारलं, नक्की? मी पुन्हा दाबलं. आकडा आणखी एकदा सरकला आणि थांबला. मोबाइल मी दोन्ही हातांनी छातीशी धरला. बरोबर केलं की वाट लावली, काही कळत नव्हतं. रडायला येत होतं आणि समोर ट्रकच्या मागं लिहिलेलं 'हॉर्न ओके प्लीज' मी वेड्यासारखी पुन्हा पुन्हा वाचत होते.

रस्ता मोकळा झाला, आम्ही कारखान्यात पोचलो. वॉचमननं या वेळी अडवलं नाही, कारण आतून आरडाओरडा ऐकू येत होता. बाकीच्या प्रेस चालू होत्या. थोरली वर जाऊन गप्प उभी होती. तिच्यापुढं शेठ, मोटार कंपनीचे दोन पाहुणे आणि पवार. शेठनी मला बघितलं आणि पाहुण्यांचीही भीड ठेवली नाही.

“तुम्ही बंद केली?”

“हो.”

“कुठनं?”

“घाटातनं.”

“घाटातनं! कुणाच्या परवानगीनं? काय लिहून दिलं होतं तुम्ही मला?”

मी त्यांच्यापलीकडे बघितलं. दत्ताभाऊ स्टुलावर बसले होते, तंबाखू मळत. दोन्ही हात. दहाही बोटं. मी ती मोजली, खोटं कशाला सांगू! ते मला बघून खूश झाले.

“या म्याडम! आज तुमच्या बाईनं माझ्यावर डाऊट घेतला न्हाई बघा. सकाळधरनं येकदाबी थांबली न्हाई. मी म्हनलं, चला, आता आपला हात बसला. मंग आनि जोरात घेतलं. पार ठोका पडस्तवर पत्रा सरळ करत व्हतो, तरी गप!”

मी खांबाजवळ गेले. खांबावरच्या दिव्यावर पूजेच्या दिवशी कुणीतरी हळदकुंकवाची दोन ठसठशीत बोटं ओढली होती. दिवा पूर्ण झाकला गेला होता. मी ओढणीचं टोक घेऊन तो पुसला. खालून पिवळा उजेड लुकलुकायला लागला.

“पवार, एखादी काठी द्या.”

पवारांनी कोपऱ्यातला झाडू दिला. मी कुलूप उघडलं, सगळ्यांना मागं सरकायला सांगितलं, पवारांना पायडल दाबायला लावलं आणि झाडूचा दांडा दोन खांबांच्या मध्ये धरला. थोरली खाली आली. थांबली नाही. दांड्याचं टोक डायमध्ये गेलं आणि चपटं होऊन माझ्या पायाशी पडलं.

दत्ताभाऊ स्टुलावरून उठले. त्या चपट्या तुकड्याकडे बघत राहिले.

“म्हंजी सकाळधरनं…” ते म्हणाले, “ही आंधळीच व्हती?”

“हो, दत्ताभाऊ.”

“आन् मी तिच्या भरवशावर…”

हातातला तंबाखू खाली सांडला. त्यांनी दोन्ही हात काखेत घातले, थंडी वाजल्यासारखे, आणि तसेच उभे राहिले. मला वाटलं होतं, आम्ही वाचवायला आलोय. त्या क्षणी कळलं की आमचा डोळा नसता, तर हा माणूस सकाळपासून जपून बसला असता. त्याला बेफिकीर आम्ही केलं होतं. हे मी त्यांना सांगितलं. शेठसमोर, पाहुण्यांसमोर सांगितलं, की चूक आमच्या सॉफ्टवेअरची आहे.

शेठना तेच हवं होतं. “ऐकलंत ना? ह्यांचीच चूक! आणि बंद पाडायचं माझं काम. पवार, सगळे खांब उतरवा. थोरलीपासनं सुरू करा. वडलांच्या काळात नव्हते डोळे, तेव्हा प्रेस चालत नव्हत्या काय?”

पवारांनी पाना उचलला. अनघाताई बोलल्या होत्या तसंच चाललं होतं सगळं.

“उतरवा,” दत्ताभाऊ म्हणाले. हात अजून काखेतच होते. “पन शेठ, मंग थोरलीवर कोन बसनार, त्ये बी आत्ताच सांगा.”

“कोण म्हणजे? तू.”

“मी न्हाई.”

“दत्ता, तोंड सांभाळून. एवढी वर्षं बसलास की.”

“बसलो. तवा भीती कळत नव्हती. आता कळली.” ते थांबले. “ह्या म्याडमनी कबूल केलं, चूक झाली म्हनून. त्या दुरुस्त करत्याल. बोट गेल्यावर कोन दुरुस्त करनार हाय? थोरल्या शेठच्या टायमाला पांडूचा पंजा गेला, तवा मीच उचलला व्हता हितनं. तुमी शाळंत व्हता.”

शेजारच्या प्रेसवरच्या माणसानं पायडलवरून पाय काढून घेतला आणि वळून बसला. शेठनी त्याच्याकडे बघितलं, पाहुण्यांकडे बघितलं, मग खाली त्या चपट्या तुकड्याकडे. पाहुण्यांपैकी एकजण खाली वाकून तो तुकडा हातात घेऊन बघत होता. पवार पाना धरून तसेच उभे होते.

पुढच्या आठवड्यात आम्ही मुहूर्त मोड काढून टाकला. त्यासाठी अनघाताई स्वतः आजींना भेटून आल्या आणि आजी म्हणाल्या, माळ घालू की खांबाच्या बाहेरनं, येवढं काय त्यात! मला त्या बाईंचे पाय धरावेसे वाटले आणि आम्ही त्यांना आधीच का विचारलं नाही म्हणून स्वतःच्या थोबाडीत मारावीशीही वाटली. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी शेठ माझ्याकडे न बघता पवारांना म्हणाले, “किल्ली फिरव. चालू कर तो डोळा.”

पवारांनी किल्ली फिरवली. पिवळा दिवा जाऊन हिरवा आला. मी दत्ताभाऊंना म्हटलं, बसा आता. ते बसले नाहीत. त्यांनी झाडूचा उरलेला दांडा मागून घेतला, पायडल दाबलं आणि दांडा उजेडात धरला. थोरली फुस्स करून थांबली. त्यांनी पुन्हा तेच केलं. पुन्हा थांबली. मग दांडा टाकून दिला, उजवी बाही कोपरापर्यंत सारली आणि मला काही कळायच्या आत पायडल दाबून स्वतःचा हात त्या उजेडात घातला. माझ्या तोंडून किंकाळी निघाली.

थोरली वरच थांबली होती. दत्ताभाऊंनी हात बाहेर काढला, उलटसुलट करून बघितला आणि डोळे मिटून जरा वेळ तसेच उभे राहिले. मग स्टूल पुढं ओढलं, बसले, एक पत्रा घेऊन डायवर ठेवला आणि हात मांडीवर काढून घेतला. पत्रा जरा तिरका बसला होता. त्यांनी तो तसाच राहू दिला.